डायरी भरलेली, गल्ला रिकामा: बेळगावात मानसशास्त्राची खासगी प्रॅक्टिस

प्रश्न: टिळकवाडीत दीड वर्षापूर्वी स्वतःची खोली घेऊन बसलेल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने विचारलंय. आठवड्याचे पाच दिवस, रोज पाच सेशन, फी ६०० रुपये. डायरी भरलेली असते, पण दर आठवड्याला आठ-नऊ जण येतच नाहीत. खर्च महिना ३२ हजार, हातात उरतात पाच-साडेपाच हजार. फी वाढवावी की रोज आणखी दोन तास बसावं? बोर्ड, कागदपत्रं, कर यांचंही काय ते सांगा.

उत्तर: आणखी दोन तास मुळीच बसू नका. आधी तुमचाच हिशेब मांडून बघा.

आठवड्याला २५ वेळा, म्हणजे डायरीतल्या २५ जागा. वर्षाचे ५२ आठवडे धरू नका, ४६ धरा. गणपती, दिवाळी, घरची लग्नं, स्वतःचं आजारपण, एखादं ट्रेनिंग यांत सहा आठवडे सहज जातात. म्हणजे वर्षाला १,१५० वेळा. त्यातल्या ३५ टक्के कोऱ्या गेल्या की उरतात ७४७. त्याला ६०० ने गुणलं तर वर्षाचे ४ लाख ४८ हजार, महिन्याला ३७,३५० च्या आसपास. ३२ हजार खर्च वजा केला की तुमचे ते पाच हजार निघतात. आता फी तीच ठेवा आणि फक्त गैरहजेरी ३५ वरून २० टक्क्यांवर आणा. ९२० सेशन होतात, महिन्याला ४६ हजार जमा होतात, हातात १४ हजार उरतात. एक मिनिटही जास्त न बसता अडीचपटीहून जास्त. त्यानंतर फी ८०० केलीत तर २९ हजार, १,००० केलीत तर ४४ हजार सहाशे. हा क्रम उलटा करू नका. लोक कधी येतात, कधी येत नाहीत, अशातच फी वाढवली तर जे येत होते तेही टाळायला लागतात, आणि दोष फीला जातो.

शून्य गैरहजेरीच्या मागे लागू नका, ती कुणाचीच नसते. वीस टक्के गृहीत धरूनच फी ठरवायची. आणि दिवसाला पाचच्या वर थेरपीचे सेशन घेणाऱ्यांच्या नोंदी संध्याकाळी आठवून लिहिलेल्या असतात, त्या तशा दिसतातही.

लोक का येत नाहीत, हे आपल्या भागात बऱ्यापैकी सांगता येतं. सगळ्यात मोठं कारण म्हणजे पहिली वेळ घेणारा माणूस वेगळा आणि यायचं असतं तो वेगळा. आई फोन करते, मोठा भाऊ करतो, सासू करते. ज्याच्यासाठी वेळ घेतली त्याला आदल्या दिवशी कळतं, आणि तो सकाळीच घरातून निघून जातो. रिसेप्शनवरच्या माणसाला इथे दोनच वाक्यं शिकवायची: "काकू, त्यालाच जरा दोन मिनिटं फोन देता? यायचं त्याला आहे ना, वेळ त्याला विचारूनच धरू." पलीकडून बहुतेक वेळा येतं, "तो भाईर गेलाय की." मग सांगायचं, "आला की फोन लावा, संध्याकाळी सहापर्यंत ही वेळ दुसऱ्या कुणाला देत नाही." सहापर्यंत फोन आला नाही तर वेळ मोकळी. काकूंना एकटीला यायचं असेल, मुलाशी कसं वागावं हे विचारायला, तर ती वेळ काकूंच्या नावाने धरायची. पुष्कळदा खरं गिऱ्हाईक तेच असतं. (गिऱ्हाईक हा शब्द खटकला असेल तर क्लायंट म्हणा, अर्थ तोच.)

दुसरं कारण अंतराचं. खानापूर, चंदगड, संकेश्वर, बैलहोंगलहून येणाऱ्याला संध्याकाळी साडेपाचची वेळ दिली की तो परतीच्या बसच्या धास्तीने निम्मा वेळ घड्याळ बघतो आणि तिसऱ्यांदा येत नाही. लांबच्यांना अकरा ते दोन, गावातल्यांना संध्याकाळ. डायरीत या दोन पट्ट्या रंगाने वेगळ्या करा. फोन आणि पहिली भेट यांत सात दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. दर आठवड्याला तीन वेळा नव्या लोकांसाठी कोऱ्याच ठेवा. आदल्या दिवशी दुपारपर्यंत त्या भरल्या नाहीत तर जुन्यांना द्या.

हंगामाचंही बघा. जुलैत खानापूरच्या आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात रोप लावणी असते, वर पाऊस. त्या महिन्यात बाहेरगावच्यांना पंधरा दिवसांनी एकदा बोलवा आणि मधला आठवडा फोनवर पंधरा मिनिटं ठेवा. ऊस जाणाऱ्या घरांत बिल कारखान्याकडून येईल तेव्हा पैसा असतो, म्हणून आठ सेशनची फी एकदम मागण्यात अर्थ नाही. अमावास्येला पहिली भेट ठरवायला कित्येक घरं तयार नसतात, सौंदत्तीच्या यात्रेच्या दिवसांत आणखी जागा रिकाम्या होतात. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका, पंचांग बघून नव्या लोकांच्या वेळा लावा.

आता आगाऊ रक्कम. पहिल्या भेटीला २०० रुपये आगाऊ घ्या, फीतून वळते करा. ज्याला ते देणं जमत नाही त्याला नकार देऊ नका, पण न मागता सोडूही नका. रद्द करायचं तर २४ तास आधी. पहिली चूक माफ, दुसऱ्यांदा निम्मी फी. हे संमतीपत्रावर मराठी आणि कन्नड दोन्हींत छापलेलं हवं आणि पहिल्या भेटीत तोंडी सांगितलेलं हवं. एका ठिकाणी हा नियम गुंडाळून ठेवायचा: ज्याच्याबद्दल आत्महत्येची काळजी आहे तो आला नाही, तर त्याच दिवशी स्वतः फोन करायचा आणि फीचा विषय काढायचा नाही.

आठवणीचा निरोप आदल्या संध्याकाळी पाठवा, पण शब्द जपून. "उद्या दुपारी १२ ची वेळ तुमच्यासाठी राखली आहे. येणार असाल तर १ लिहून पाठवा." एवढंच. क्लिनिकचं नाव नको, 'समुपदेशन' नको, 'सेशन' नको. खेड्यात पुष्कळ घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो बहुधा मुलाच्या हातात. म्हणून नोंदणीच्या फॉर्मवर दोन प्रश्न ठेवा: या नंबरवर निरोप ठेवलेला चालेल का? आणि कुणाच्या नावाने ठेवायचा?

गुप्तता हा आपल्या धंद्याचा कणा आहे, आणि बेळगाव एवढं लहान आहे की ती कायद्याने नंतर, भिंतीने आधी मोडते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं. पण बाहेरच्या बाकावर शहापूरच्या एका गल्लीतले दोघे शेजारी शेजारी बसले तर ते कलम तुमच्या काय कामाचं? दोन सेशनमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. जाणारा आणि येणारा एकमेकांना दिसता कामा नये. जमत असेल तर दाताच्या किंवा डोळ्याच्या डॉक्टरांच्या मजल्यावर खोली घ्या. जिना चढताना कुणी हटकलं तर सांगायला कारण तयार असतं. रस्त्यालगत तळमजल्याची खोली जाहिरातीला बरी दिसते, पण बाहेर लावलेली गाडी ओळखीचे लोक ओळखतात. दाराला आतून जाड पडदा, दाराखालच्या फटीला रबर, बाहेर एक पंखा किंवा रेडिओ हळू आवाजात. आत बोललेलं बाहेर ऐकू येतं का, हे बाहेर कुणालातरी बसवून एकदा तपासा.

आणि ते यूपीआयचं साउंडबॉक्स. काउंटरवर ठेवलेलं ते यंत्र सेशन संपल्यावर "सहाशे रुपये मिळाले" असं मोठ्याने ओरडतं, आणि पुढच्या बाकावरच्याला तुमची फी आणि येणाऱ्याची हजेरी दोन्ही कळतात. ते परत करा किंवा आवाज बंद ठेवा. शिवाय यूपीआयवर तुमचं जे नाव झळकतं तेच नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या बँक स्टेटमेंटवर उमटतं. खात्याचं नाव 'अमुक माइंड क्लिनिक' असेल तर काही बायका रोखच देतील आणि काही येणंच थांबवतील. खातं स्वतःच्या नावाचं ठेवा. पावतीवर मात्र खोटं लिहायचं नाही: 'सल्ला शुल्क, ५० मिनिटं, तारीख, रक्कम, नोंदणी क्रमांक' एवढं पुरेसं आणि खरं आहे.

फीकडे येतो. हजेरी ८० टक्क्यांवर दोन महिने टिकली की नव्या लोकांसाठी एक तारीख ठरवून फी वाढवा, जुन्यांना तीन सेशनची मुदत द्या. सरसकट ८०० करण्यापेक्षा आठवड्याच्या २५ पैकी २१ वेळा ९०० ने आणि ४ वेळा ३०० ने ठेवा. महिन्याचा आकडा जवळपास तोच येतो, ६१ हजारांच्या वर, आणि निपाणीच्या विडी कामगाराच्या घरातल्या मुलीला नाही म्हणावं लागत नाही. पण त्या चार वेळा डायरीत आधीच ठरलेल्या हव्यात. समोरच्याचा चेहरा बघून फी कमी करणाऱ्याच्या सवलती चारच्या अकरा कधी होतात ते त्यालाही कळत नाही, आणि सवलत मिळते ती गरजूला कमी, घासाघीस करणाऱ्याला जास्त. "नुसतं बोलायचे एवढे?" हा प्रश्न येणारच. त्याला तत्त्वज्ञान सांगू नका. पहिल्या भेटीतच सांगा: ५० मिनिटं, इतकी फी, आधी सहा भेटी, सहाव्या भेटीत काय बदललं ते दोघांनी मिळून तपासायचं. शेवट दिसला की लोक पैसे देतात.

चाचण्यांचा दर वेगळा हवा, आणि इथेच बहुतेकांचं नुकसान होतं. शिकण्यातल्या अडचणीची पूर्ण तपासणी घ्या: मुलाबरोबर तीन तास, गुणांकन दीड तास, अहवाल दोन तास, पालकांना समजावणं एक तास. साडेसात तास झाले. त्याचे २,००० घेतले तर तासाला २६७ रुपये पडले, शिवाय उत्तरपत्रिकांचा खर्च. किमान पाच सेशनची फी घ्या, निम्मी सुरुवातीला, निम्मी अहवाल हातात देताना. उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स मारू नका. स्वामित्वहक्काचा भंग तर आहेच, शिवाय अहवालाला कुणी आव्हान दिलं की पहिला प्रश्न तोच विचारतात.

या भागात तपासणीचा एक खास घोटाळा होतो. बुद्धिमत्ता मोजणाऱ्या बिने-कामत चाचणीची मुळंच इथली आहेत, व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात धारवाडकडच्या मराठी आणि कन्नड मुलांवर ती बसवली. त्यामुळे ती आपली वाटते. पण मानकं जुनी आहेत, आजच्या मुलाचा बुद्ध्यांक त्यात फुगून येतो, आणि सीमारेषेवरचं मूल 'नॉर्मल' ठरून सवलतीला मुकतं. अहवालात चाचणीची मर्यादा स्पष्ट लिहा आणि दैनंदिन कौशल्यांची वेगळी तपासणी जोडा. तसंच घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, वर्गात कन्नडही, असं मूल कन्नड वाचताना अडखळलं म्हणजे त्याला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातला मूळचा अडथळा) आहे असं नाही. ज्या भाषेत ते सगळ्यात जास्त शिकलं तिच्यात आधी तपासा. दोन लिप्यांत एकाच जातीच्या चुका दिसल्या तर पुढे जा. मोठ्यांच्या प्रश्नावल्यांनाही हेच लागू. छापील 'मला निराश वाटते' याला 'नाही' म्हणणारा शेतकरी "मन लागंना झालंय, डोस्कं फिरायलंय" असं आधीच सांगून गेलेला असतो. ते त्याच्याच शब्दांत नोंदवा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मात्र सरकारी वैद्यकीय मंडळ देतं, तुमचा अहवाल त्याला जोडला जातो. पालकांना हे आधी सांगितलं नाही तर पैसे परत मागायला येतात.

कागदपत्रं थोडक्यात. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी लावायला भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव चालू असलं पाहिजे. १९९२ च्या कायद्यात नोंदणीशिवाय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. नूतनीकरणाची तारीख डायरीच्या पहिल्या पानावर लिहा. नुसतं एम.ए. असलेल्या सहकाऱ्याला हाताशी घेतलंत तर त्याच्या नावापुढे हे बिरूद लावू नका. अशा इतर सायकॉलॉजिस्टसाठी २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा वेगळा कायदा आहे. पीएच.डी. नसेल तर 'डॉ.' लावू नका, कुणी लावलं तर दुरुस्त करा. कर्नाटकातल्या खासगी वैद्यकीय आस्थापनांच्या २००७ च्या कायद्याबद्दल जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. तोंडी "तुम्हाला लागत नाही ओ" यावर विसंबू नका. बोर्डावर ६० टक्के भाग कन्नड आणि तो वरच्या अर्ध्यात, हा २०२४ पासूनचा नियम आहे. खाली मराठी जरूर लिहा. बोर्ड रंगवायच्या आधी मोजून घ्या. बेळगावात बोर्डावरच्या भाषेवरून काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, आणि तुमच्या दारासमोर गर्दी जमणं पेशंटला परवडणारं नाही.

कराचं: व्यवसाय कर वर्षाला कमाल २,५०० रुपये. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख. शाळा-कंपन्यांतल्या कार्यशाळा वाढल्या की उपचाराची आणि प्रशिक्षणाची बिलं वेगळी ठेवा, दोन्हींना एकच नियम लागत नाही. संस्था १० टक्के टीडीएस कापतात, तो तुमच्या नावावर जमा झाला का हे दर तिमाहीला बघा. कार्यशाळेच्या करारात एक ओळ असू द्या: कुठल्या विद्यार्थ्याने काय सांगितलं हे शाळेला मिळणार नाही. अपवाद ठरलेले आहेत. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याचा धोका, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार, जिथे पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे अपवाद संमतीपत्रातही हवेत. पहिल्या भेटीत न सांगता ऐन वेळी कळवलं तर विश्वासघातच वाटतो.

घरखर्चाचं आणि क्लिनिकचं खातं वेगळं ठेवा आणि दर शनिवारी ठरावीक रक्कम तिसऱ्या खात्यात टाका, तीन महिन्यांचा खर्च म्हणजे ९६ हजार साठेपर्यंत. जुलै त्यातून जातो. व्यावसायिक दायित्व विमा घ्या. पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते, म्हणजे तक्रार होऊ शकते.

पेशंट पाठवणाऱ्यांचं बोलायचं तर फॅमिली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या तिघांवर तुमचं वर्ष चालतं. कट देऊ नका. डॉक्टरांना तो घेणं त्यांच्या आचारसंहितेने वर्ज्य आहे, आणि एकदा सुरू केला की वाढतच जातो. त्याऐवजी पेशंटच्या लेखी परवानगीने पहिल्या आठवड्यात अर्ध्या पानाचं पत्र पाठवा. काय आढळलं, काय करणार, गोळ्यांची गरज वाटते का, पुन्हा कधी कळवणार. चार ओळी. दहातले नऊ जण हे पत्र पाठवत नाहीत, म्हणून पाठवणाऱ्याचं नाव लक्षात राहतं.

सीमेचा एक व्यावहारिक भाग ऑनलाइन सेशनचा. पुनर्वास परिषदेची नोंद देशभर चालते, त्यामुळे महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजच्या माणसाला स्क्रीनवर बघायला हरकत नाही. पण अडचण आली तर तुमचे ओळखीचे दवाखाने आणि पोलीस ठाणं त्याच्या कामाचं नाही, राज्यच वेगळं. प्रत्येक ऑनलाइन सेशनच्या सुरुवातीला विचारा: आत्ता नेमके कुठे आहात, सगळ्यात जवळचा दवाखाना कोणता, घरात दुसरं कोण आहे. त्याच्या फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर हे, तातडीच्या मदतीचा ११२, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लिहिलेलं असू द्या. शेतकरी घर असेल तर फवारणीचं औषध कुठे ठेवलंय हेही विचारा, आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यायला लावा.

शेवटचं काम तेवढं याच महिन्यात करा. उद्या तुम्ही आजारी पडलात तर तुमच्या पंचवीस लोकांना फोन कोण करणार? एका विश्वासू सहकाऱ्याशी लेखी ठरवा, संमतीपत्रात तशी ओळ घाला, आणि कपाटाची दुसरी किल्ली व फाइलींच्या यादीची जागा लिहिलेलं पाकीट त्याच्याकडे बंद करून ठेवा. यादीत नावं नकोत, फक्त फाइल क्रमांक आणि फोन, आणि ज्यांना त्याच दिवशी कळवायला हवं त्यांच्यापुढे लाल ठिपका.